जवळचे शब्द

चेन्नईबाहेर सिरुसेरीच्या त्या इमारतीत उन्मेषचा लौकिक असा होता, की कसल्याही उकिरड्यातून हा माणूस सुबक तक्ता काढून दाखवतो. लौकिक त्यानं स्वतःच पसरवला होता, पण खोटा नव्हता. गिऱ्हाइकानं दहा दिशांनी दहा तऱ्हांचा डेटा आणून ओतावा, कुणी तारीख उलटी लिहिलेली, कुणी वयाच्या रकान्यात फोन नंबर भरलेला, आणि उन्मेषच्या स्क्रिप्टांनी तो रोज पहाटे उचलून धुवावा, पिळावा आणि घडी घालून डॅशबोर्डवर मांडावा. सकाळी साहेब लोक कॉफी घेत घेत तो बघत आणि आपल्याला सगळं कळलं असं समजून दिवसाला लागत. हे समाधान विकणं हाच त्या कंपनीचा धंदा होता.

उन्मेष मूळचा अमरावतीचा. चेन्नईत येऊन बरीच वर्षं झाली, तरी तमिळ त्याला पाणी मागण्यापुरतं आणि रिक्षावाल्याला नाही म्हणण्यापुरतं यायचं. शिकायचं कशाला, तो म्हणे, शब्दांचं काय, शेवटी त्यांचे आकडेच करायचे असतात. माणसांकडेही तो तसाच बघे. कुणी आपलं काय केलं, आपण कुणाचं काय केलं, याची बाकी त्याच्या डोक्यात कायम तयार असे. आणि बाकी कधी त्याच्या अंगावर निघत नसे.

गेल्या वर्षी एका धर्मादाय संस्थेचं काम आलं. हृदयाची झडप बदललेले गरीब रोगी; त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, रोज घ्यावी लागते. ती राहिली की झडपेवर गुठळी धरते आणि पुढे ती कुठे जाऊन अडकेल ते सांगता येत नाही. संस्थेच्या नर्सा किनाऱ्यालगतच्या वस्त्यांमधून घरोघर जात, विचारपूस करत आणि टॅबवर शेरा लिहीत. गोळ्यांची पाकिटं मात्र गोदामात भरली जात, यादीबरहुकूम. आणि यादी निघे उन्मेषच्या स्क्रिप्टमधून. ही शेवटची गोष्ट करारात मागच्या कुठल्याशा पानावर होती, आणि मागची पानं वाचायची कामं आपल्याकडे कुणाला नेमून दिलेली नसतात.

शेरे तमिळमध्ये, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेले. जितक्या नर्सा तितकी स्पेलिंगं. पूर्वी संस्थेतल्या दोन बायका ते वाचून हातानं खुणा करायच्या. काम स्क्रिप्टकडे आलं तसं त्यांना देणग्यांच्या पावत्या फाडायला बसवलं. आता उन्मेषनं प्रत्येक शेरा पाचांपैकी एका खणात टाकायचा होता. गोळी घेतली, गोळी चुकली, गावी गेले, मृत, इतर. त्यानं सारखे येणारे शब्द वेगळे काढले आणि अर्थ विचारायला तो रंजनीकडे गेला.

रंजनी शेजारच्या टीममधली. घराणं तंजावरकडचं मराठी, आता राहायला अड्यारला. ती मराठीच बोले, पण जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी, आणि चाल सगळी तमिळ. उन्मेष तिला 'तू' म्हणे, ती त्याला 'तुम्ही'. सुरुवातीला त्याला तो मान वाटला होता. मग कळलं, ती इस्त्रीवाल्याच्या पोरालाही 'तुम्ही'च म्हणते.

"रंजनी, तवरिट्टांगा म्हणजे काय गं?"

तिचा घास हातातच राहिला. "कोण गेलं?"

"कुणी नाही. शेऱ्यात शब्द आहे."

"मग तसं विचारा की! जेवतां जेवतां असलं बोलतात होय? तवरिट्टांगा म्हणजे वारले. मेले असं तोंडानं कसं म्हणावं, म्हणून तसं म्हणतात. आमचे तात्या गेले तेव्हां अम्मानं अस्क्या सोयऱ्यांना फोनावर हेंच सांगितलं."

"पण शब्दशः काय?"

"शब्दशः... निसटले. चुकले. ऐयो, मज भात खाऊं द्याल की नाही?"

"उपकार झाले."

"मांडून ठेवा. तुम्ही मांडतांच."

'वारले' एवढं त्याला पुरलं. 'चुकले' हा शब्द त्याच्या कानावरून गेला, पण आत गेला नाही.

आता अडचण स्पेलिंगांची. कुणी एक टी लिही, कुणी दोन. कुणी मध्ये जागा सोडी, कुणी सगळं जोडून टाकी. उन्मेषनं त्यावर आपला ठेवणीतला उपाय काढला. जागा काढून टाकायच्या, लागोपाठ दोनदा आलेलं अक्षर एकदाच धरायचं, आणि मग जे शब्द एकमेकांच्या पुरेसे जवळ दिसतील ते एकच धरायचे. पुरेसं म्हणजे किती, तो आकडाही त्यानंच ठरवला. थोड्या ओळींवर लावून बघितलं, झकास जमलं. त्या भागाला त्यानं नावही दिलं होतं, 'जवळचे शब्द', आणि तो भाग लिहून झाल्यावर खुर्ची मागे रेलून स्वतःवर खूश होऊन बसला होता.

पुढचे दोन महिने 'गोळी चुकली'ची रेघ घसरत गेली. संस्थेचे लोक हरखले. नर्सांचं काम फळाला आलं असं त्यांच्या मासिकात छापून आलं. मृतांची रेघ वर गेली होती हे खरं, पण तिचं पान डॅशबोर्डच्या अगदी टोकाला होतं आणि तिथवर पोचेस्तोवर बघणाऱ्याची कॉफी संपलेली असे.

शेषगिरी साहेबांनी उन्मेषला केबिनमध्ये बोलावून पाठ थोपटली. शेषगिरींचंही घराणं मूळ तंजावरचं. पण मराठी ते आईशी बोलत आणि देवाशी, ऑफिसात इंग्रजी. उन्मेषशी ते मराठीत बोलले की समजावं, त्यांना काहीतरी हवं आहे. त्या दिवशी ते इंग्रजीतच बोलले: गुरुवारी संस्थेच्या विश्वस्तांची बैठक आहे, करार पुढे चालायचा तर हा आलेख पुरेसा आहे, आणि त्यानंतर टीम तुझ्या हाताखाली देतो.

बैठकीच्या आठवड्यात, सोमवारी, फोन आला. पूंगोदै नावाच्या नर्सनं मदत केंद्राकडे पाचसहा तक्रारी केल्या होत्या. प्रत्येकीला एकच उत्तर: 'रुग्ण बंद आहे.' शेवटी तिनं कुठून तरी कंपनीचा नंबर मिळवला आणि स्वागतकक्षातल्या मुलीला इतकं फैलावर घेतलं, की तिनं घाबरून फोन थेट उन्मेषच्या टेबलावर टाकला. उन्मेषनं रंजनीला हाक मारली आणि स्पीकर लावला.

"त्या म्हणतात, अमुदवल्ली म्हणून पेशंट आहे," रंजनी एकेक वाक्य उतरवून सांगू लागली. "शाळेच्या बसवर मुलांस चढवते-उतरवते. तिचं पाकीट दोन खेपा आलं नाही. विचारलं तर तुमचे लोक म्हणतात, ती मेली."

"मग? मेली नाही का?"

रंजनीनं विचारलं. पलीकडे फोन कुणीतरी ओढून घेतला. दुसऱ्याच बाईचा खणखणीत आवाज आला, मागे बसचा हॉर्न आणि पोरांचा कालवा.

"ही तीच," रंजनीला हसू आवरेना. "विचारते, मी मेले हें माझ्या सासूस कळवलंत काय? तिला फार आनंद होईल. आणि म्हणते, मेलेच आहें तर सांजचा सैपाक कोण करणार, तुम्ही या."

उन्मेषही हसला. हसत हसतच त्यानं अमुदवल्लीची ओळ उघडली आणि मूळ शेरा रंजनीपुढे धरला. रंजनीचं हसू थांबलं.

"हें तवरिट्टांगा नव्हे. हें तवर विट्टांगा."

"म्हणजे?"

"चुकवली. घ्यायची राहून गेली. गोळी."

"दोन्ही सारखंच दिसतं की."

"तुमच्या यंत्रास दिसतं."

पूंगोदैचा आवाज परत आला. आता ती ओरडत नव्हती, त्यामुळे जास्त ऐकू येत होती. रंजनीनं सांगितलं, "त्या म्हणतात, इतके दिवस बाकीच्यांच्या पाकिटांतून दोन दोन गोळ्या काढून हिला दिल्या. आतां त्यांना कमी पडूं लागल्या. उद्यांपासून देण्यास नाहींत. सरकारी दवाखान्यांत पाठवलं तर ते जुनं कार्ड मागतात, आणि कार्ड संस्थेनं जमा करून घेतलेलं. यादींत नांव कधीं येईल, तेवढं सांगा म्हणतात."

"लवकरच," उन्मेष म्हणाला. रंजनीनं त्याचं तमिळ केलं. त्याच्यापेक्षा मऊ केलं असावं, कारण पूंगोदैनं आभार मानले.

फोन ठेवल्यावर त्यानं दोन महिन्यांच्या बंद ओळी काढल्या. मूळ शेरे रंजनी वाचत गेली, तो खुणा करत गेला. खरोखर वारलेले थोडे होते. बाकी सगळे गोळी चुकवणारे. कुणाची कामाच्या घाईत राहिली, कुणी विसरलं, कुणाला भीती वाटली. म्हणजे ज्यांच्या मागे लागायला ही सगळी योजना होती तेच लोक. एखादा दिवस चुकला की स्क्रिप्ट त्यांना मेलेलं धरी आणि मग कायमची गोळी बंद करी. 'गोळी चुकली'ची रेघ घसरली होती ती अशी.

दुरुस्ती मामुली होती. पहाटेपर्यंत केली असती तर मंगळवारच्या यादीत नावं गेली असती. उन्मेष कपाळ पुसत शेषगिरींच्या केबिनमध्ये गेला आणि सगळं सांगितलं. शेषगिरींनी दार लावून घेतलं.

"बसा," ते मराठीत म्हणाले. "कितीसं काम आहे?"

"तासाभराचं."

"मग तास शुक्रवारचा घ्या की. आज बदललांत तर आलेख कुठं जाईल?"

"होता तिथं. थोडा वरच."

"आणि गुरुवारीं मी विश्वस्तांस काय दाखवूं? माझं तोंड?"

"पण सर, गोळ्या..."

"दोन महिने नाहींत ना गोळ्या? लोक आहेत ना जिवंत? तुमची ती बाई फोनावर भांडली म्हणतां. इतकं भांडते म्हणजे धडधाकटच असणार." त्यांनी उन्मेषच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या हातून झालं असं मी कुठं म्हणतों का? मी म्हणणारहि नाहीं. तीन दिवस दम धरा."

उन्मेषच्या हातात किल्ली होती. कुणाला न विचारता तो ती दुरुस्ती चढवू शकला असता, आणि पहाटे गोदामाला कळलंही नसतं की यादी का वाढली. त्यानं मनात बेरीज मांडली. एका बाजूला तीन दिवस; आणि तीन दिवस म्हणजे काय, लोक सहज गावाला जाऊन येतात. दुसऱ्या बाजूला टीम, शेषगिरींचा शब्द, आणि ही चूक कुणाच्या नावावर बसणार तो प्रश्न. बेरीज त्याच्या बाजूनं आली. नेहमी येई तशी.

रंजनी लिफ्टपाशी उभी होती. "झालं?"

"शुक्रवारी करायचं ठरलंय."

"शुक्रवारीं? आणि उद्यांची गोळी?"

"रंजनी, हे तुझं प्रोजेक्ट नाही."

"नसूं दे. मी गोदामास लिहितें. नांवं पाठवतें, त्यांचे ते भरतील."

"लिही की," उन्मेष शेजाऱ्याला मीठ द्यावं इतक्या सहज म्हणाला. "शब्दाचा अर्थ कुणी सांगितला, तेही त्यात लिही."

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तुम्ही एकच शब्द विचारलांत."

"आणि तू एकाचाच अर्थ सांगितलास. कोण बघणार आहे? नाव तेवढं वाचतील."

लिफ्ट आली. ती तिच्यात न बसता जिन्यानं गेली. आणि लिहिलं मात्र तिनंही काही नाही. तिला वाईट म्हणायची घाई करू नये. आपलं नाव कागदावर येणार म्हटलं की भल्याभल्यांनाही शुक्रवार फार लांब वाटत नाही.

गुरुवार फार छान झाला. विश्वस्तांपैकी एका वयस्कर बाईंनी आलेखाकडे बघून डोळे टिपले. टोकाचं पान कुणी उघडलं नाही. शुक्रवारी पहाटे उन्मेषनं दोन शब्द वेगळे केले, नावं जिवंत झाली, गोदामातून पाकिटं निघाली. तो त्या दिवशी जेवायला खाली गेला तेव्हा शिट्टी वाजवत होता.

दुपारी अमुदवल्लीच्या ओळीवर पूंगोदैचा शेरा आला. एकच शब्द. या खेपेला उन्मेषला तो वाचायला रंजनीची गरज लागली नाही, तरी त्यानं तिला बोलावलं, कारण एकट्यानं वाचवेना. रंजनीनं पूंगोदैला फोन लावला. स्पीकर लावला नाही. बराच वेळ नुसतं "आमा, आमा" म्हणत होला हो देत राहिली, मग फोन खाली ठेवला.

"बुधवारीं," ती म्हणाली. "सकाळच्या फेरीला. दाराजवळच्या शिटावर बसल्या बसल्या. शाळा आली तरी उठली नाही. पोरांस वाटलं निजली आहे, म्हणून तीं पाय न वाजवतां उतरलीं."

रंजनी त्याच्याकडे न बघता आपल्या जागेवर गेली आणि त्या दिवसापासून डबा दुसऱ्या मजल्यावर खाऊ लागली.

शेषगिरींनी ऐकून घेतलं. वाईट वाटलं त्यांना, खरंच वाटलं. चष्मा काढून ठेवला. मग मराठीत म्हणाले, "तिची ओळ उघडलीच कशास? बंद होती ना?"

"सगळ्यांच्याच उघडल्या, सर. चुकीनं बंद होत्या."

"हिची चुकीनं कुठं? नोंद मृत, बाई मृत. जुळतं की." ते स्क्रीनकडे वळले. "पूर्वीं मरणाची तारीख काय पडली होती?"

"दोन महिन्यांपूर्वीची. शेऱ्याच्या दिवसाची."

"तीच राहूं द्या."

उन्मेषला अर्थ लगेच लागला, हुशार होता तो. बुधवार राहिला तर उद्या कुणीतरी विचारणार: बाई बुधवारी गेली, मग तिची गोळी दोन महिने का बंद? जुनी तारीख राहिली तर प्रश्नच नाही. ती तेव्हाच गेली, म्हणून पाकीट बंद झालं. सगळं रीतसर. सोमवारी फोनवर भांडणारी बाई मेलेलीच होती, एवढंच काय ते मान्य करायचं.

त्यानं दुरुस्तीतून अमुदवल्लीची ओळ वगळली. की-बोर्डवर फार तर दोन श्वासांचं काम.

पण अशी तारीख पक्की व्हायची तर टॅबवर नर्सची संमती लागते. 'मृत्यूची तारीख बरोबर आहे का?' होय किंवा नाही. पूंगोदैनं 'नाही' दाबलं. आणि शेऱ्याच्या जागेत काहीतरी लिहिलं, या खेपेला इंग्रजी अक्षरं सोडून सरळ तमिळ लिपीत. स्क्रिप्टला ती लिपी ठाऊक नव्हती, उन्मेषलाही नाही. पण 'नाही' मिळालं की ओळ आपोआप उघडते आणि नवी तारीख मागते, म्हणून त्यानं एक कलम वाढवलं: या रुग्णाच्या ओळीवर पुढे जे येईल ते नाकारावं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या अहवालात तळाशी छापून आलं: 'एक ओळ नाकारली.'

त्याच्या पुढच्या दिवशीही आलं. त्याच्या पुढच्याही. होय मिळेपर्यंत टॅब तोच प्रश्न रोज विचारी, आणि पूंगोदै सकाळी पहिल्या घराची पायरी चढण्याआधी 'नाही' दाबत असावी. शेरा दर खेपेला आदल्या दिवसापेक्षा लांब.

आठवड्याभरानं त्याला राहवलं नाही. तो दुसऱ्या मजल्यावर गेला. रंजनी डबा बंद करत होती. त्यानं फोन पुढे केला. तिनं तमिळ मजकूर वाचला, बोट खाली सरकवत शेवटपर्यंत वाचला.

"नांवं आहेत," ती म्हणाली. "तुमच्या त्या यादींतलीं. शुक्रवारचीं पाकिटं पोंचण्याच्या आधीं जे गेले त्यांचीं. मेल्याची ओळ परत बंद होते, तिच्यांत लिहितां येत नाहीं, म्हणून अस्कीं नांवं इथं लिहिते. ती घरोघर हुडकत फिरते आहे. वाचून दाखवूं?"

"नको."

"पहिलं अमुदवल्लीचंच आहे."

"नको म्हटलं ना."

"मज विचारायास आलांत कशाला मग?" तिनं फोन त्याच्या हातात ठेवला. "आतां तरी एक शब्द सोडून पुढं विचारा."

तो वर आला. टीम त्याच्या हाताखाली आली होती. काचेजवळची जागा मिळाली होती, तिथून खाडीचा लांबट तुकडा दिसे. त्यानं अहवाल उघडला. नाकारलेली ओळ एक. नावं कितीही असोत, ओळ एकच; तिची लांबी अहवालात येत नाही. शेषगिरींनाही हा अहवाल जातो, आणि रोज एक ओळ नाकारली जाते हे त्यांच्या डोळ्यांत कधीतरी आलंच असतं. म्हणून उन्मेषनं अहवालाची व्यवस्था बदलली. दोनच्या खाली नाकारलेल्या ओळी असतील तर त्या छापायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे अहवाल आला तो अगदी स्वच्छ. त्यानं तो कॉफीबरोबर पाहिला.